दोन्ही बाजूंना हिरवा

१

नवनाथ बोडकेचं डोकं पहारीने फोडलं होतं. पहिला घाव मागून बसला असावा. तो कोसळून उताणा झाल्यावरही मारणारा थांबला नव्हता. जबडा एका अंगाला सरकला होता. डावा डोळा खोबणीत उरला नव्हता. कानामागून रक्त खडीत झिरपलं होतं, आणि त्या रक्तावर, गालांवर, केशरी जॅकेटवर कांद्याचे लाल पापुद्रे चिकटून बसले होते. पहार हातभर अंतरावर होती. तिच्या टोकाला केस होते.

निंबारे रोड हे नाशिक रोड आणि मनमाडच्या मधलं बारकं स्टेशन. एक फलाट, एक चहाचा स्टॉल आणि मनमाडच्या अंगाला, फलाटाच्याच बाजूला, मालधक्का. हिवाळ्यात तिथून कांदा भरून जातो, तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना टरफलांचा सडा पडलेला असतो. फलाटासमोर, रुळांच्या पलीकडे, बाभळी आणि बंद पडलेली जुनी केबिन. नवनाथ त्या केबिनसमोर पडला होता.

रेल्वे पोलिसांच्या सहायक निरीक्षक उज्वला पगारे प्रेताशेजारी उकिडव्या बसल्या. नवनाथच्या गुडघ्यापाशी हिरवा झेंडा होता. काठीला घट्ट, नीट गुंडाळलेला, टरफलांवर अलगद ठेवल्यासारखा.

"हा पिशवीत घ्या," त्या म्हणाल्या.

"घेतो. पण मॅडम, आरोपी मिळालाय," हवालदार कुंदन अहिरे म्हणाले. "हमालांचा मुकादम, सावळीराम. काल नवनाथला म्हणाला, तुझं डोकं फोडीन. फलाटावर सगळ्यांनी ऐकलं. आज प्रेतापाशी सापडला, हात रक्ताने माखलेले."

"पळत होता?"

"नाही, ओरडत होता. पण लोकांनी आधी धुतला. उजवं मनगट गेलंय. पार्सलच्या खोलीत कोंडलाय."

रूळ ओलांडून माणसं येत होती. सगळ्यांत पुढे नवनाथचा धाकटा भाऊ महेश. त्याच्या मागे गावातले वीसेक जण, आणि बऱ्याच जणांच्या हातात द्राक्षबागेतून उपटून आणलेले लोखंडी अँगल.

"मुकादम आमच्या हवाली करा," महेश म्हणाला. रडून त्याचा आवाज बसला होता. "तोवर माझ्या भावाचं प्रेत हलणार नाही."

"तो माझ्या ताब्यात आहे. प्रेत पोस्टमार्टमला जाईल."

महेशने मालधक्क्याकडे पाहिलं. तिथे हमालांची प्लॅस्टिकची पालं होती. पेठकडून हंगामापुरती आलेली ती टोळी, बायकापोरांसकट.

"मग दिवस मावळेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "त्यानंतर तिथं जे दिसंल ते पेटवू."

२

स्टेशन मास्तर किशोर वाघ यांनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला.

"मला फक्त क्रम सांगा," उज्वला म्हणाल्या.

"न थांबणारी मालगाडी आली. अशी गाडी जाताना आम्ही दोघं उभे राहतो, मी फलाटावर आणि पॉइंट्समन पलीकडच्या बाजूला. एखादं चाक गरम झालंय, काही लोंबतंय, धूर निघतोय, हे दोन्हीकडून बघायचं. सगळं ठीक असेल तर हिरवा झेंडा दाखवायचा. शेवटच्या डब्यातून गार्डही हिरवा दाखवतो. आज पॉइंट्समन नवनाथ होता."

"तुम्ही त्याला पाहिलंत?"

"गाडी यायच्या आधी खिडकीतून रूळ ओलांडताना पाहिलं. मी झेंडा घेऊन बाहेर आलो तोवर मध्ये गाडी आली होती. लांबलचक गाडी, पलीकडचं काही दिसत नाही."

"आणि गेल्यावर?"

"लगेच मेमूची, पॅसेंजर गाडीची तयारी. पलीकडे न बघताच मी आत आलो. मेमू आली, थांबली, गेली. तेवढ्यात पलीकडून सावळीराम बोंबलायला लागला."

"मालगाडी जात होती तेव्हा सावळीराम कुठे होता?"

किशोरनी विचार केला. "मालधक्क्यावर. भरायच्या डब्याच्या दारात उभा राहून पोरांवर खेकसत होता. मला दिसत होता. मेमूच्या वेळी मात्र तिथे नव्हता."

उज्वलांनी मालगाडीच्या गार्डला फोन लावायला सांगितला. तो मनमाडला पोचला होता. नाव रवी, बोलणं खडखडीत.

"माझ्या गाडीला दोन्ही बाजूंना हिरवा होता मॅडम. फलाटावर वाघसाहेब, पलीकडे पॉइंट्समन. मीही दाखवला. काही गडबड नव्हती."

"पलीकडचा माणूस ओळखलात? चेहरा पाहिलात?"

"चेहरा कोण बघतं मॅडम? झेंडा बघतो."

फोन ठेवल्यावर कुंदन अहिरे बोटांवर मोजत म्हणाले, "म्हणजे गाडी गेली तोवर नवनाथ जिवंत, हिरवा दाखवतोय. मारला तो त्यानंतर, मेमूच्या वेळी. तेव्हा फलाटावर सगळे एकमेकांसमोर होते. मास्तर आत, सहादूमामा चहा विकतोय, माणसं चढतायत. एकटा गायब होता मुकादम. झालं की मॅडम!"

उज्वलांनी उत्तर देण्याआधी काच फुटली. खिडकीतून आलेला खडीचा दगड किशोरच्या कपाळावर बसला आणि ते खुर्चीसकट मागे कोलमडले.

३

"लय मारामारीचं गाव झालं हो हे," स्टॉलवाला सहादू जाधव म्हणाला. त्याने किशोरच्या कपाळावर स्वच्छ फडकं दाबून धरलं होतं. रक्त थांबल्यावर त्याने सगळ्यांसाठी चहा ओतला. साठीच्या आतबाहेरचा माणूस, काटक. झोंबऱ्या वाऱ्यातही अंगात नुसता बनियन.

"थंडी वाजत नाही का मामा?" उज्वलांनी विचारलं.

"दूध उतू गेलं ना सकाळी, शर्ट खराब झाला. स्टोव्हपाशी कसली थंडी?"

"नवनाथ कसा माणूस होता?"

"माझ्याच हाताखाली शिकला. मी पण पॉइंट्समन होतो इथं. आता सात वर्षं झाली, किटली धरलीय."

"रिटायर झालात?"

"काढलं," सहादू सरळ म्हणाला. "शंटिंगमध्ये, डबे जोडताना, एक हमाल दोन डब्यांच्या मधी चेचून मेला. चूक माझी निघाली."

"आणि कालचं भांडण?"

"इथंच झालं की, माझ्या बाकड्यापाशी. नवनाथ दारू पिऊन आला होता. मुकादमाशी काहीतरी शब्दाला शब्द लागला. मुकादमानं गचांडी धरली, म्हणाला डोकं फोडीन. मीच सोडवलं."

"शब्द कशावरून लागला?"

"मी चहा गाळत होतो, ताई. कोण लक्ष देतं?"

तेवढ्यात भुसावळकडची एक मालगाडी सावकाश आत शिरली. प्रेत सापडल्यापासून सगळ्या गाड्या जपून काढल्या जात होत्या. सहादूने किटली खाली ठेवली. तोंड गाडीकडे केलं. डबे एकामागून एक सरकत गेले. शेवटचा डबा समोर आला तसा खांद्यावरचं फडकं धरलेला त्याचा हात वर गेला. गार्डने हिरवा झेंडा हलवला.

कुंदन अहिरे हसले. "मामा, नोकरी गेली तरी ड्युटी चालूच!"

"सगळे गार्ड ओळखीचे. बरं वाटतं त्यांना." सहादूने पुन्हा किटली उचलली. "अजून अर्धा घ्या, ताई."

मालधक्क्याकडून बाईची किंकाळी आली. उज्वला कप तसाच ठेवून पळाल्या.

४

एका पालाचं प्लॅस्टिक फाडून टाकलं होतं. सावळीरामची बायको झुंबरबाई पोत्यांच्या थप्पीला टेकून बसली होती. भुवईपासून कानापर्यंत अँगलचा वळ उठला होता आणि त्यातून रक्त गळत होतं. तिच्यामागे लहान पोरं एकमेकांना घट्ट धरून उभी होती. अँगल चालवणारा पोऱ्या पोलिसांना बघून मागे हटला होता, पण गेला नव्हता. बाकीचे रुळांवर बसून उन्हाकडे बघत होते. ऊन बाभळींच्या शेंड्यांवर आलं होतं.

"माझ्या नवऱ्यानं नाय मारला," झुंबरबाई म्हणाली.

"मग तो पलीकडे कशाला गेला?"

"जाब इचारायला. काल नवनाथ काय बोलला ते तुम्हाला कोणी सांगितलं नसंल. माझा भाऊ मेला इथं, डब्यांच्या मधी."

"सहादूमामाच्या चुकीने?"

"आमी बी तसंच समजत होतो. सहादूमामानं डबे ढकलायची खूण दिली, पलीकडून नवनाथनं लाल दाखवला, मामानं बघितला नाय, असं नवनाथनं साहेबांपुढं सांगितलं." तिने पदराने रक्त टिपलं. "काल दारूत बरळला. म्हणतो, कसला लाल न् काय, मी तवा जाग्यावर होतोच कुठं, केबिनमागं झोपलो होतो. आन् हसला. लोकांपुढं हसला. म्हणून ह्यांनी गचांडी धरली."

"मामा तुमच्याशी कसा वागायचा?"

"देवमाणूस. माझ्या पोरांकडून आजवर चहाबिस्किटाचा पैसा घेतला नाय. भाऊबीजेला साडी आणतो. म्हणतो, तुझा भाऊ माझ्या हातून गेला."

पार्सलच्या खोलीत सावळीराम भिंतीला टेकून बसला होता. सुजलेलं मनगट त्याने मांडीवर दुसऱ्याचं असल्यासारखं ठेवलं होतं.

"गेलो तर हा पडलेला," तो म्हणाला. "तोंड नुसतं टरफलांनी भरलेलं. मला वाटलं दम कोंडला, म्हणून नाकावरची पुसली. हाताला रक्त लागलं तवा कळलं. मारायचंच होतं मला, बाई. खोटं कशाला सांगू? पण आयता मेलेला गावला."

"टरफलं रक्ताच्या वर होती की खाली?"

"वर. चिकटून बसलेली, सोलून काढावी लागली."

उज्वला झटकन उठल्या.

"अहिरे, झेंड्याची पिशवी आणा. आणि प्रेत अजून तिथेच आहे ना?"

"आहे. पण मॅडम," कुंदन अहिरे दाराबाहेर बघत म्हणाले, "ते उठले."

५

रुळांवर बसलेली माणसं उभी राहिली होती. कोणीतरी डिझेलचा कॅन आणला होता.

उज्वलांनी चार शिपाई मालधक्क्याच्या तोंडाशी उभे केले आणि स्वतः रूळ ओलांडून प्रेतापाशी गेल्या. नवनाथच्या छातीवरचा एक पापुद्रा त्यांनी चिमट्याने उचलला. खालची बाजू रक्ताने काळी, वरची बाजू कोरडी, लखलखीत. दुसरा उचलला, तिसरा उचलला. एकाच्याही वरच्या बाजूला रक्ताचा थेंब नव्हता.

मग त्यांनी हातमोजे चढवून झेंडा उलगडला. गुंडाळीच्या बाहेरच्या घडीवर डाग नव्हता. आतल्या कापडावर मात्र लाल बोटं ओढली गेली होती, आणि काठी धरायच्या जागी पंजा उमटला होता.

"सांगा अहिरे, काय दिसतं?"

"रक्त आतमध्ये? झेंडा तर गुंडाळलेला होता."

"रक्ताच्या हाताने कोणीतरी तो उघडला, आणि हात वाळल्यावर पुन्हा गुंडाळून ठेवला. नवनाथ उठून गुंडाळणार नाही."

"मग टरफलं?"

"टरफलं उडवतं कोण? मेमू हळू येते, हळू जाते, तिच्याने पापुद्रा हलत नाही. ती उडवली भरधाव मालगाडीने. नवनाथ तिच्यानंतर मेला असता तर रक्त टरफलांवर उडालं असतं. इथे टरफलं रक्तावर येऊन बसलीत. मालगाडीचा वारा आला तेव्हा तो आधीच फुटलेल्या डोक्याने इथे पडलेला होता."

कुंदन अहिरे यांच्या कपाळाला आठी पडली. "पण गार्डला हिरवा कोणी दाखवला मग?"

"ज्याने मारलं त्याने."

"खून करून झेंडा? पळायचं सोडून? कशाला?"

"मलाही तेच कळत नव्हतं. गार्डला फसवायला म्हणावं, तर खुनी माणूस गाडी येताना बाभळीमागे बसेल. गार्डने चेहरा पाहिला तर? सावळीराम असता तर लपला असता. महेश असता, तुम्ही असतात, मी असते, तरी लपलो असतो. गाडी अंगावर आल्यावर विचार न करता झेंडा उचलेल असा माणूस एकाच जातीचा. ज्याचा हात जन्मभर तेच करत आला. आणि मग गाडी गेल्यावर झेंडा नीट गुंडाळून ठेवेल असाही तोच."

"किशोर सर फलाटावर होते. गार्डने दोन्हीकडे पाहिलं."

"म्हणून ते सुटले. सावळीराम तेव्हा डब्याच्या दारात होता, तोही सुटला. राहिलं कोण?"

अहिरेंनी फलाटावरच्या स्टॉलकडे पाहिलं. आपण स्टॉलपाशी कशाला हसलो ते त्यांना आठवलं होतं.

मालधक्क्याकडून काच फुटल्याचा आवाज आला, आणि मागोमाग धूर.

६

सहादू कप विसळत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"काल नवनाथ हसला तेव्हा तुम्ही चहा गाळत होतात," उज्वला म्हणाल्या. "सगळं ऐकलंत."

"ऐकलं."

"शर्ट कुठे आहे?"

सहादूने पायाने बाकड्याखालची बादली पुढे सरकवली. चहाचा चोथा. अहिरेंनी काठीने ढवळलं तशी शर्टाची बाही वर आली, तपकिरी झालेली. कॉलरपाशी मात्र डाग चहाचा नव्हता, रक्ताचा होता.

"मास्तर गाडीकडे तोंड करून उभे. त्यांच्या मागे तुमचा स्टॉल. तुम्ही आहात की नाही, कोण बघणार? मास्तर बाहेर यायच्या आधीच रूळ ओलांडलेत, ते आत गेल्यावर परत आलात. मेमूला चहा विकलात."

"मारायला नव्हतो गेलो, ताई." सहादूने हातातला कप पालथा घातला. "एवढंच म्हणायला गेलो की लिहून दे. साहेबांना सांग की मामाची चूक नव्हती. नोकरी नको मला आता. सात वर्षं रोज त्या पोराचं तोंड दिसतंय मला, दोन बफरांच्या मधलं. जेवताना दिसतं. त्याच्या बहिणीला मी तोंड कसं दाखवलं ते माझं मला माहीत. हा म्हणाला, जाऊ दे मामा, मेला तो हमाल, तुझं काय गेलं? आणि पाठ फिरवली. पहार तिथंच पडलेली होती." त्याने हात फडक्याला पुसले. "मग गाडी आली. मी कधी उभा राहिलो, कधी झेंडा घेतला, मला ठाऊक नाही. गार्डनं हिरवा दाखवला तेव्हा शुद्धीवर आलो."

"आणि सावळीरामला धरलं तेव्हा? तेव्हा तर शुद्धीवर होतात."

सहादूने पुढचा कप विसळायला घेतला.

"जिच्या भावाचं मरण सात वर्षं वाहिलंत तिचं कपाळ फुटलंय तिकडे. तिच्या नवऱ्याचं मनगट तुटलंय. पालं पेटतायत. पोरं आत आहेत मामा. तुमची बिस्किटं खाणारी पोरं."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. धूर स्टॉलवरून वाहत चालला होता.

तो बाकडं ओलांडून बाहेर पडला तेव्हा अहिरेंनी त्याचा दंड धरायला हात टाकला, पण बनियनचा तुकडाच हातात आला. सहादू फलाटावरून मालधक्क्याकडे धावत सुटला. एक पाल पेटलं होतं. शिपायांच्या काठ्या आणि गाववाल्यांचे अँगल एकमेकांत अडकले होते, आणि झुंबरबाई दोन पोरं काखोटीला मारून पोत्यांवर चढत होती. सहादू त्या झटापटीत घुसला आणि महेशसमोर उभा राहिला.

"मी मारला," तो ओरडला. "तुझ्या भावाला मी मारला! हमालांना सोडा!"

महेशने अँगल दोन्ही हातांनी उचलला. मग महेशचा अँगल खाली आला. सहादूच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज उज्वलांना फलाटाच्या टोकाशी ऐकू आला. तो गुडघ्यावर बसला, आणि सगळे त्याच्यावर पडले. लाथा, दगड, अँगलची टोकं. उज्वलांनी हवेत गोळी झाडली. दुसरी झाडली. अहिरे आणि शिपाई त्या ढिगात शिरले आणि त्यांनी पाय धरून त्याला ओढून बाहेर काढलं, तेव्हा एक कान लोंबत होता आणि तोंडात दात कमी होते. पण श्वास चालू होता.

पाल हमालांनी पाणी आणि मातीने विझवलं. आत कोणी नव्हतं.

सावळीरामला खोलीतून बाहेर आणलं. झुंबरबाईने आधी त्याचं मनगट पाहिलं, मग फलाटावर बसवलेल्या सहादूकडे पाहिलं. स्टॉलवरून पाण्याचा तांब्या आणून तिने त्याच्या तोंडाला लावला. सहादूने डोळे मिटून घेतले. पाण्याबरोबर रक्त हनुवटीवरून ओघळलं.

दवाखान्याची गाडी फाटकापाशी अडकली होती, म्हणून सगळे फलाटावरच थांबले. बेडी सहादूच्या बऱ्या हातात होती. तिचं दुसरं कडं कुंदन अहिरेंच्या मनगटात. दुसरा हात खांद्यापासून निकामी लोंबत होता.

नाशिककडून मालगाडी आली. डोक्याला पट्टी बांधलेले किशोर वाघ झेंडा घेऊन फलाटाच्या कडेला उभे राहिले. पलीकडच्या बाजूला, जिथून थोड्या वेळापूर्वी प्रेत उचललं होतं, तिथे बदली पॉइंट्समन पोचला होता. डबे धडधडत गेले. टरफलं उडाली, लोकांच्या केसांत बसली.

शेवटचा डबा आला.

सहादूचे डोळे मिटलेलेच होते. तो बाकावरून उठला, त्याने गाडीकडे तोंड केलं, आणि त्याचा हात वर गेला. बेडी ताणली गेली आणि कुंदन अहिरेंचा हातही त्याच्याबरोबर डोक्याच्या वर गेला. अहिरेंनी तो खाली ओढला नाही.

डब्याच्या दारात उभ्या गार्डने किशोरना, सहादूला आणि पलीकडच्या पॉइंट्समनला, तिघांनाही हिरवा दाखवला आणि गाडी मनमाडकडे निघून गेली.